देवाकडे उरलेली कामे

देव आहे की नाही हा एक प्रश्न, आणि देव मानल्याने आजच्या जगण्यात काही फरक पडतो का हा दुसरा. पहिल्यावर चार्वाकांपासून वाद चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. दुसरा प्रश्न तपासता येतो. माणसे कोणती कामे देवावर सोपवत होती, त्यांतली कोणती आता हवामान खाते, दवाखाना, बँक आणि न्यायालय यांच्याकडे गेली आणि कोणती अजून देवाकडेच राहिली, हे पाहिले की उत्तर बरेचसे हाती लागते.

नुसते आकडे या कामी थिटे पडतात. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने 2019-20 मध्ये भारतातल्या सुमारे 30 हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत 97 टक्के लोकांनी देव मानतो असे सांगितले. त्याआधी 2011 च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात स्वतःची नोंद नास्तिक अशी करणारे सगळ्या देशात जेमतेम 33 हजार निघाले होते. पण मानणे म्हणजे नेमके काय करणे, हे यातून कळत नाही. दर आषाढीला पंढरी गाठणारा, सोमवार धरणारा आणि फक्त परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मारुतीला नारळ फोडणारा हे तिघेही त्या 97 टक्क्यांत सारखेच मोजले जातात.

शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग उत्तरपक्ष, अशी रीत आहे. तीच येथे जराशी सैल करून वापरली आहे. बोरी अरब हे यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातले गाव; कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर जगणाऱ्या पट्ट्यातले. अशा गावात हा वाद कोणाकोणात होऊ शकतो, याचा विचार करून तीन बाजू तिघांच्या तोंडी दिल्या आहेत: साठीला टेकलेला एक माळकरी कास्तकार, शाळेतले विज्ञानाचे शिक्षक आणि सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक बौद्ध परिचारिका. माणसे प्रातिनिधिक आहेत, म्हणून त्यांना नावे नाहीत. त्यांच्या बोलण्यात येणारे सन, संस्था आणि घटना मात्र खऱ्या आहेत.

देवस्थानांची या भागात वाण नाही. दारव्हा तालुक्यातच धामणगाव देव येथे मुंगसाजी महाराजांचे स्थान आहे. शेजारच्या वाशिम जिल्ह्यात बंजारा समाजाची काशी मानली जाणारी पोहरादेवी आणि नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान कारंजा आहे. खाली माहूरची रेणुका, यवतमाळच्या पलीकडे कळंबचा चिंतामणी. तरीही वाद सुरू होतो तो देवळापासून नव्हे. तो पावसापासून सुरू होतो.

शिक्षक: काकाजी, मान्सून केरळात कधी येणार हे आता उपग्रह सांगतात. तरी अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी काय म्हणाली, याकडे अख्ख्या वऱ्हाडाचे कान लागलेले असतात.

कास्तकार: भेंडवळ मीबी पेपरात वाचतो, सर. पन पेरनी तिच्या भरवशावर नाई करत, आन् मोबाईलच्याबी नाई. खुरप्यानं उकरून पाहतो, ओल वीतभर खाली गेली का. मंग चाड्यावर मूठ.

भेंडवळ हे बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातले गाव. तेथे शेतात गोलाकार धान्ये मांडतात, मध्ये खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात, त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले आणि कोणते धान्य कुठे सरकले, यावरून पाऊस, पीक आणि राजाचे भवितव्यसुद्धा सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या भाकितांना शास्त्रीय आधार नसल्याचे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. कास्तकाराने खुरप्याने पाहिलेली ओल मात्र कृषी विभागाच्या सल्ल्याशी जुळते: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नये, असा तो सल्ला. म्हणजे पेरणीचा निर्णय देवाच्या हातून केव्हाच निघून गेला आहे, आणि तो घेणारा माळकरी आहे याची त्याला अडचण वाटत नाही.

जुलै 2017 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. अंदाज चुकला, पेरण्या वाया गेल्या, बियाण्या-खतांच्या कंपन्यांशी संगनमत असावे, असा त्यांचा आरोप होता. घटमांडणी चुकली म्हणून कोणी ठाण्यात गेल्याचे ऐकिवात नाही. याचा अर्थ लोक घटमांडणीला जास्त मानतात असा लावला जातो, पण तो उलटा असावा. ज्याच्याकडे काम सोपवलेले असते त्याच्याचविरुद्ध तक्रार होते. पावसाच्या अंदाजाचे काम हवामान खात्याकडे गेले, याचा माजलगावच्या तक्रारीइतका ठसठशीत पुरावा दुसरा नसेल.

शिक्षकाला एवढ्यावर थांबायचे नसते. त्याचे म्हणणे असे की पाऊस, साथी, ग्रहण, वंध्यत्व ही कामे एकेक करून विज्ञानाने उचलली, उरलेलीही उचलेल, मग देवाला जागा कुठे राहिली? या युक्तिवादाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. शालेय शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यात अकोल्यात राहिलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढून बुद्धीला पटेल तेच बोलण्याचा वसा घेतला आणि जिवंतपणी पुण्यात स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. शंभर वर्षांनी डॉ. श्रीराम लागूंनी देवाला आता रिटायर करावे, असे लेख आणि भाषणांतून मांडले. लागू पेशाने कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते, मग नट झाले. देवाच्या कल्पनेने माणसाला त्याच्या जबाबदारीतून सोडवले आणि अन्यायाला आडोसा दिला, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा.

कास्तकार: रिटायर करा म्हनता, पन त्याच्या जाग्यावर कोन रुजू होनार हाये ते सांगा ना! गावातला तलाठी रिटायर झाला तरी सहा-सहा महिने जागा खाली राह्यते.

थट्टा खरी, पण ती वादाच्या मर्मावर बोट ठेवते. 2017 च्या खरिपाचे उदाहरण घेता येते. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्याला लागेल इतकी वाढली होती. बोंडअळीच्या धास्तीने फवारण्या वाढल्या. पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल, अंगावर भिजलेला सदरा, आणि समोरचे झाड छातीच्या वर. फवारा अळीवर पडायच्या आधी माणसाच्या तोंडावर पडत होता. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले आणि जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले.

शिक्षक: यात देव कुठे होता? मोनोक्रोटोफॉस होते, प्रोफेनोफॉस होते, बिनपरवाना मिश्रणे होती. मास्क नव्हते. कारणे दाखवता येतात तिथे नशिबाला बोल लावला की कारणे सुटतात, काकाजी, आणि ज्यांनी विकले तेही सुटतात.

कास्तकार: नशिबाले बोल कोन लावते? हेच लोक मोर्च्यातबी होते. माळ घातल्यानं जीभ बांधल्या जात नाई.

येथे शिक्षकाचा मुद्दा अर्धाच टिकतो. देवावर हवाला ठेवणारा माणूस अन्याय मुकाट सोसतो, ही समजूत वऱ्हाडच्या इतिहासाला लावली तर ती पुरत नाही. गाडगे महाराज (1876 ते 1956) आणि तुकडोजी महाराज (1909 ते 1968) हे दोघेही अमरावती जिल्ह्यातले, दोघेही देवाचे नाव घेणारे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराट्याने रस्ता झाडत, रात्री कीर्तनाला उभे राहत आणि प्रश्न विचारून श्रोत्यांकडूनच उत्तर काढून घेत: कर्ज काढून सण करावा का, बकरे कापून देव पावतो का, पोराला शाळेत घातले का. देऊळ बांधण्याऐवजी त्यांनी धर्मशाळा, घाट आणि सदावर्ते उभी केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव सामुदायिक प्रार्थना नेली. ती मूर्तीपुढे नव्हे, अधिष्ठानापुढे बसून करतात, आणि तिला जोडून ग्रामसफाई, व्यायाम, ग्रामरक्षण हा कार्यक्रम असतो. आज गाडगेबाबांवर विवेकवादीही हक्क सांगतात आणि माळकरीही. अमरावती विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. गंमत अशी की बाबा स्वतः कोणाला शिष्य करून घ्यायला तयार नसत.

तेव्हा देव मानल्याने माणूस लाचार होतो, हे सरसकट विधान सोडून द्यावे लागते. पण माळकऱ्याची बाजूही एका ठिकाणी अडते, आणि यवतमाळात ती टाळून पुढे जाता येत नाही. 19 मार्च 1986 रोजी याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. भजनाचा नाद असलेला, गावाचे सरपंचपद भूषवलेला हा माणूस होता. राज्यात ही पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते आणि 2017 पासून त्या दिवशी अनेक जण अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या काळात यवतमाळचे नाव देशभर याच कारणाने गेले. जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होते.

शिक्षक: देव आधार देतो म्हणता. मग इतकी देवळे, इतके सप्ताह, इतकी पारायणे असलेल्या जिल्ह्यात हे का घडले?

कास्तकार: देवानं कापसाचा भाव ठरवला नाई, सर. सावकाराचं व्याजबी त्यानं लावलं नाई. ज्यानं लावलं त्याले हा प्रश्न इचारा.

शिक्षक: हेच मी म्हणतो. म्हणजे ज्या कामासाठी देव हवा, ते काम भावाचे आणि कर्जाचे निघाले.

या मुद्द्यावर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांचा 1897 मधला आत्महत्येवरचा ग्रंथ आजही उपयोगी पडतो. युरोपातल्या कॅथॉलिक प्रदेशांत आत्महत्या कमी आणि प्रोटेस्टंट प्रदेशांत जास्त, असे त्यांना आकड्यांत दिसले. देव दोघांचा एकच होता. फरक होता तो एकमेकांत गुंतलेपणाचा. माणसाला वाचवते ती त्याच्या भोवतीची वीण, श्रद्धेचा मजकूर नव्हे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पुढच्या अभ्यासकांनी त्यांच्या आकडेवारीत खोट काढली आहे, तरी प्रश्न मांडण्याची ही रीत टिकून आहे.

वऱ्हाडातल्या गावाला ती कशी लागू पडते, ते मयताच्या घरी दिसते. घरात कोणी गेले की भजनी मंडळ ओट्यावर येऊन बसते. खंजिरी, टाळ, एक पेटी. घरातल्यांनी काही बोलावे अशी अपेक्षा नसते. नुसते बसले तरी चालते. चहा शेजारच्या घरून येतो. दहाव्या-तेराव्यापर्यंत ते घर एका संध्याकाळीही एकटे राहत नाही. राज्य सरकारनेही 2015 च्या सुमारास आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला: आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारते, झोप लागते का, जेवण जाते का, मन कशात रमते का, ज्यांची उत्तरे चिंताजनक असतात त्यांना जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकाकडे पाठवले जाते, शिवाय 104 क्रमांकावर फोन करता येतो. परिचारिका या ठिकाणी चर्चेत येतात.

परिचारिका: दोन्ही पाहिजेत, भाऊ. तुमचे भजनी मंडळ मयतानंतर येते, आशा मयताच्या आधी येते. पण आशा प्रश्न विचारून निघून जाते, बसत नाही; तिच्याकडे तेवढा वेळ नसतो. आणि एक विचारू? भजन सगळ्या घरी होते का? आमच्या वस्तीत कोणी गेले तर तुमची खंजिरी येते?

कास्तकाराला याचे उत्तर देता येत नाही. तो गप्प बसतो. श्रद्धेने बांधलेली वीण कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे तुटते, हा प्रश्न जातीने आखलेल्या गावात आपोआप येतो. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावे लागले, तेही विठ्ठलाच्या दारात.

परिचारिकांची बाजू या वादाला वेगळे वळण देते. देव आणि धर्म ही जोडी सुटीच होत नाही असे कास्तकार आणि शिक्षक दोघेही गृहीत धरून चाललेले असतात. एकाला दोन्ही हवे, दुसऱ्याला दोन्ही नको. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा ती जोडी सुटी करून दाखवली. त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत आधी देवदेवतांचा नकार आहे आणि मग शील, करुणा, समता यांचा स्वीकार. धर्म माणसाला लागतो, देव लागत नाही, ही त्यांची भूमिका होती. विदर्भातल्या असंख्य विहारांत वर्षावासाच्या तीन महिन्यांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वंदना होते, खीरदान होते, लोक जमतात; नवस मात्र नसतो.

कास्तकार: सिस्टर, तुमी मेनबत्ती लावता, आमी दिवा लावतो. फरक काय?

परिचारिका: तुम्ही दिवा लावून मागता. आम्ही मागत नाही, आठवण करतो. मागायचे ते सरकारकडे, अर्ज करून.

कास्तकार: आन् त्या सर्वेत म्हनते का बौद्धांमधले दोन तिहाई लोक देव मानतोच म्हनाले.

हे खरे आहे. प्यूच्या त्याच पाहणीत भारतातल्या बौद्धांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी देव मानत नाही असे सांगितले. इतर कोणत्याही धर्मगटापेक्षा हे प्रमाण कितीतरी मोठे आहे, पण बहुमत नाही. परिचारिकांचे उत्तर असे की दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबर 1956 रोजी, बाबासाहेब गेले. शिकवायला माणूस उरला नाही आणि हजारो वर्षांची सवय एका पिढीत सुटत नाही. उत्तर पटण्याजोगे आहे. तरी त्यातून एवढे दिसतेच की देवाशिवायचा धर्म जगता येतो आणि त्याचबरोबर तो जगणे लोकांना सोपे जात नाही.

देव नसेल तर माणूस नीतीने का वागेल, हा माळकऱ्याचा पुढचा प्रश्न. त्यावर आगरकरांपासून लागूंपर्यंत अनेकांचे चोख वागणे हेच उत्तर म्हणून पुढे केले जाते. पण या प्रश्नाची सगळ्यांत सभ्य चर्चा यवतमाळला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला झाली. आंध्रातले गोपराजु रामचंद्र राव, म्हणजे गोरा, हे उघड नास्तिक होते. 1944 च्या अखेरीस ते गांधीजींना भेटायला आश्रमात आले आणि पुढे येत राहिले. अस्पृश्यता निवारणाचे काम मी नास्तिक राहून करतो, कारण देव आणि कर्म यांच्या आधारानेच जात टिकली आहे, हे त्यांचे म्हणणे. 1931 पासून सत्य हाच ईश्वर असे म्हणू लागलेल्या गांधीजींनी त्यांना आस्तिक करण्याचा हट्ट धरला नाही. काम पाहून बोलणे चालू ठेवले. गोरांच्या मुलीचे दलित तरुणाशी लग्न सेवाग्रामला लावायचे ठरले, तेव्हा विधीतल्या ईश्वराच्या जागी सत्य म्हणायला गांधीजी तयार झाले. ते लग्न लागेपर्यंत गांधीजी राहिले नाहीत. मार्च 1948 मध्ये आश्रमातच ते सत्याच्या साक्षीने लागले. या सगळ्या भेटींची हकिकत गोरांनी 1951 मध्ये पुस्तकरूपाने दिली.

शिक्षक: पाहा काकाजी, गांधींनीही देव बाजूला ठेवला.

कास्तकार: ठेवला नाई, सर. सरकवला. पाव्हन्याले बसाले जागा पायजे म्हून आपनबी सरकतोच ना.

यावर शिक्षकाकडे तयार उत्तर नसते. त्याच्याकडे असतो तो एक मोठा सिद्धान्त. पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांनी 2004 मध्ये जगभरच्या पाहण्यांवरून मांडले की जिथे रोजगार, आरोग्य आणि म्हातारपण यांची शाश्वती असते तिथे धार्मिकता ओसरते. उत्तर युरोप हे त्याचे ठळक उदाहरण. महाराष्ट्रात हा हिशेब नीट लागत नाही. पगार वाढले तशा शिर्डीच्या रांगा वाढल्या; 1 ऑक्टोबर 2017 पासून शिर्डीला विमानतळच आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी तिथली महाराष्ट्र मंडळे गणपतीभोवतीच बांधली. शिक्षक म्हणतो की भीती संपलेली नाही, फक्त बदलली. दुष्काळाच्या जागी नोकरकपात आणि व्हिसा आला. असेल. पण सुख वाढले तरी भीती आणि दुःख वाढले तरी भीती, असे म्हणू लागले की सिद्धान्त कधी चुकूच शकत नाही, आणि चुकू न शकणारा सिद्धान्त विज्ञानाच्या शिक्षकाने वापरू नये.

शेगावचे गजानन महाराज संस्थान या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तिथे स्वच्छता, शिस्त, प्रसादालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय या सगळ्यामागे हजारो सेवाधारी असतात. गावोगावचे कास्तकार, शिक्षक, कारकून आळीपाळीने येतात आणि विनावेतन झाडू मारतात, जोडे सांभाळतात. संघटनेचा हा गुण आहे, देवाचा नव्हे, असे शिक्षक म्हणतो. मग अशी बिनपगारी शिस्त एखाद्या नगरपालिकेला का साधत नाही, असे कास्तकार विचारतो. दोघांचेही खरे आहे.

आता उरतो तो श्रद्धेने अपाय होतो तिथला प्रश्न. यावर महाराष्ट्रात प्रत्यक्ष काम झाले. श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1982 पासून नागपुरातून चालू आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. लागू आणि दाभोलकर यांनी राज्यभर एकाच व्यासपीठावरून वाद-संवादाचे कार्यक्रम केले. देवाची कल्पनाच कालबाह्य आहे, असे लागू म्हणत. समितीचा देवाला विरोध नाही, शोषणाला आहे, अशी दाभोलकरांची भूमिका असे. समितीत देव मानणारेही होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. वारकरी संघटनांतल्या काहींनी आधी या विधेयकाला विरोध केला होता. म्हणून वारी, कीर्तन, प्रदक्षिणा, उपासना यांना कायद्यात स्पष्ट वगळले आहे. अनुसूचीत बारा प्रकारची कृत्ये गुन्हा ठरवली आहेत आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

त्या बारांपैकी कपाशीच्या गावाला सगळ्यांत जवळचे कृत्य म्हणजे साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसे मरतात, असा 2000 ते 2019 या काळाचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांत, निम्म्याच्या आसपास पावसाळ्यात. मांत्रिकाचा गुण का येतो, हे परिचारिका सांगतात: बहुतेक साप बिनविषारी, विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. त्यामुळे दहातले बरेचसे आपोआप बरे होतात आणि नाव मंत्राचे होते. उरलेल्यांचा वेळ मात्र जातो.

परिचारिका: आम्ही काय करायचो, भाऊ, ते ऐका. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत रोग्याचे दोन मिली रक्त घ्यायचे आणि वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही. मग हळूच तिरपी करायची. गोठले नसेल तर घोणसाचे किंवा फुरशाचे विष आहे. त्या वीस मिनिटांत नातेवाईक म्हणायचे, बाई नुसती नळीकडे पाहत बसली, यापेक्षा बाबा बरा, तो निदान काही तरी करतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांवर एकच लस. सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात.

शिक्षक: म्हणजे इथे श्रद्धा आणि उपचार यांत निवड करावीच लागते. कायद्याने ती करून दिली.

कास्तकार: मले मान्य हाये. साप चावला तर मी दवाखान्यातच जाईन, तोंडात विठ्ठलाचं नाव घेऊन जाईन, त्यात सिस्टरची काही हरकत नसन. पन मण्यार चावते रात्री दोन वाजता, खाली झोपल्या मान्साले. कायद्यानं बाबा बंद केला. रात्री दोन वाजता डॉक्टर राह्यते का तिथं?

परिचारिका: लस तरी शिल्लक असते का, ते आधी विचारा. साठ्याची नोंदवही असते. ती दर महिन्याला पाहायला मिळाली पाहिजे.

शिक्षक: ग्रामसभेत मागता येईल. येत्या पंधरा ऑगस्टच्या सभेत विषय घालू.

कास्तकार: घाला. ठरावाच्या खाली पयली सही माही.